इन्सी आणि वहशी : शरीरातील दिशांची कुळकथा

गेल्या पावसाळ्यात आमचे विज्ञानाचे शिक्षक पंधरा दिवस रजेवर होते. त्यांचा दहावीचा तास माझ्याकडे आला. मी इतिहासाचा माणूस. रोहिणी आणि नीला यांतला फरक मलाही आदल्या रात्री वाचून जावे लागे. भिंतीवर मानवी सांगाड्याचा जुना तक्ता होता आणि त्यावर लिहिले होते की, कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड ते 'बाहेरचे' आणि करंगळीकडचे ते 'आतले'. मी ते वाचून पुढे सरकणार, एवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने हात सरळ खाली सोडला आणि म्हणाली, "सर, माझा अंगठा तर पुढे आहे." मग तिने तळहात मागे वळवला. "आणि आता तो आत आला. मग हे हाड बाहेरचे कसे?"

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण उत्तर आले नाही. उद्या सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. शिंपीकाम करणारा कष्टाळू, सरळ माणूस. मुलीला पुढे कोणत्या शाखेला घालावे, हे विचारायला आले होते. म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे, मान्य. पण डॉक्टरकीचे शब्द आपल्या घरातले नव्हेत. इंग्रजी, लॅटिन, काय काय. तिला ते झेपायचे नाही. आर्ट्सला घालतो." त्यांना काय सांगावे हे त्या दिवशी मला सुचले नाही. प्रस्तुत लेख हे त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. जरा लांबले आहे, त्याला इलाज नाही. इतिहासाच्या शिक्षकाला सुरुवातीपासून सुरुवात करायची खोड असते.

प्रथम मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. शरीरातील 'आत', 'बाहेर', 'वर', 'खाली' हे शब्द माणूस वाटेल तसा बसला-निजला असताना लावायचे नसतात. शरीरशास्त्रज्ञांनी आपसात एक ठराव केला आहे. माणूस सरळ उभा आहे, तोंड समोर, पाय जुळलेले, हात बाजूंना सोडलेले आणि तळहात पुढे केलेले, असे धरून चालायचे. रोगी खाटेवर पालथा असो की झाडावरून उलटा लोंबत असो, शब्द त्या उभ्या माणसाचे लागतात. डोके 'वर' ते वरच, मग खाटेवर ते उशाला असले तरी. तळहात पुढे केला की कोपराखालची दोन्ही हाडे एकमेकांना समांतर येतात. तळहात मागे वळवला की अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून तिरके जाते. म्हणून तळहात पुढे. या ठरावात अंगठा शरीराच्या मध्यरेषेपासून दूर पडतो, म्हणून त्याच्याकडचे हाड बाहेरचे.

डावे-उजवे हे रोग्याचे, बघणाऱ्याचे नव्हे. तक्त्यासमोर उभे राहिले की यकृत आपल्या डाव्या हाताला दिसते, तरी ते उजव्या बाजूचेच. ही गोष्ट मुलांना घोळवून सांगावी लागते. पण शिंप्याला ती शिकवावी लागत नाही! गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहून तो माप घेतो तेव्हा उजवी बाही म्हणजे गिऱ्हाइकाची उजवी, हे त्याच्या हातात मुरलेले असते. कपडा टेबलावर उलटा पडलेला असला तरी पाठ ती पाठच आणि अस्तर ते आतलेच. वडिलांच्या दुकानात रोज बोलली जाणारी भाषा हीच आहे, फक्त ती कापडाची आहे.

आता हा ठराव कोठून आला? तो एका दिवसात झालेला नाही, आणि कोणा एका देशाचाही नाही.

हिप्पोक्रेटिसच्या नावावर अस्थिभंगावरील एक प्राचीन ग्रीक ग्रंथ आहे. त्याच्या आरंभीच एक तक्रार येते. मोडलेला हात घेऊन रोगी येतो आणि हात स्वाभाविकपणे पुढे करतो. पण काही वैद्य आपल्या विद्वत्तेच्या भरात तो तिरंदाजासारखा पिळून धरतात व तसाच बांधतात. मग रोगी कळवळतो आणि हाड जागेवर राहत नाही. म्हणजे हाताची 'खरी' स्थिती कोणती, हा वाद सुमारे चोवीसशे वर्षांचा आहे, आणि तो पंडितांच्या सभेत नव्हे, मोडलेल्या हातावरून सुरू झाला.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलन झाला. अरबी-उर्दू ग्रंथांत त्याला जालिनूस म्हणतात. रोममध्ये मानवी शवाचे विच्छेदन होत नसे. त्याने माकडे व डुकरे चिरली आणि त्यावरून प्रचंड लेखन केले. शवविच्छेदनाच्या पद्धतीवर त्याचा पंधरा भागांचा ग्रंथ आहे. त्यातील नवव्या भागाचा काही अंश आणि पुढचे सहा भाग मूळ ग्रीकमध्ये नाहीसे झाले. आज ते वाचता येतात ते केवळ अरबी भाषांतरामुळे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (809–873) आणि त्यांचे सहकारी हे काम करीत होते. हुनैन धर्माने ख्रिस्ती, काम करीत ते अब्बासी खलिफांच्या राजधानीत, आणि भाषांतर करीत ते एका मूर्तिपूजक ग्रीकाचे. एकेका ग्रंथाच्या जितक्या हस्तलिखित प्रती मिळतील तितक्या जमवून, त्या ताडून पाहून, मगच ते लेखणी उचलीत. गॅलनच्या एका ग्रंथासाठी ते इराक, शाम, पॅलेस्टाइन करीत थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेले आणि शेवटी दमास्कसला निम्मा-अर्धाच हाती लागला. आमच्या शाळेत संदर्भग्रंथ मिळत नाही म्हणून प्रकल्प राहिला, असे सांगणाऱ्या मुलांना मी ही हकीकत ऐकवतो.

या पिढ्यांनी अरबीत वैद्यकाचा शब्दसंग्रह उभा केला. तो घेऊन इब्न सीना (980–1037) यांनी 'अल-कानून फित्-तिब्ब' लिहिला. यात हाताच्या त्या दोन हाडांचा परिच्छेद आहे, आणि तो वाचताना मी चमकलो. इब्न सीना त्यांना 'झंद' म्हणतात. झंद म्हणजे घर्षणाने आग पाडण्याची काडी. अशा दोन काड्या लागतात, एक वर, एक खाली. अंगठ्याकडचे बारीक हाड ते 'झंद-ए-आला', वरचे; आणि करंगळीकडचे जाड, भार वाहणारे हाड ते 'झंद-ए-अस्फल', खालचे. म्हणजे आज ज्याला आपण बाहेरचे म्हणतो, ते त्यांच्या लेखी वरचे! चूक कोणाचीच नाही. कोपर वाकवून, मूठ समोर धरून, अंगठा आकाशाकडे ठेवला की ते हाड खरोखरच वर येते. त्यांच्या मनातला हात तसा होता. म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलीची शंका रास्तच होती. स्थिती कोणती हे ठरवल्याशिवाय शब्दाला अर्थ नाही.

परंतु मध्यरेषेच्या जवळची बाजू आणि मध्यरेषेपासून दूरची बाजू, यांसाठी अरबीत जे शब्द रूढ झाले, त्यांची गंमत याहून मोठी आहे. जवळची बाजू ती 'इन्सी' आणि दूरची ती 'वहशी'. इन्सी म्हणजे माणसाकडची, माणसाळलेली. इन्सान हा शब्द त्याच घराण्यातला. वहशी म्हणजे रानटी, रानाकडची. हा दुसरा शब्द तर आपल्या घरात कोणी मूल अंगावर धावून आले की दिवसातून दोनदा ऐकू येतो.

हे शब्द वैद्यांनी बनवलेले नव्हते. वाळवंटातल्या अरबाच्या धनुष्यालाही इन्सी आणि वहशी बाजू असे. धनुष्य धरले असता जी बाजू आपल्याकडे ती इन्सी, जी पलीकडे ती वहशी. जनावरालाही या दोन बाजू असत. ज्या बाजूने माणूस धार काढायला वा स्वार व्हायला जवळ येतो ती इन्सी, आणि दुसरी वहशी. यातली डावी कोणती आणि उजवी कोणती, यावर जुन्या अरबी कोशकारांनी आपसात चांगलाच वाद घातला आहे. वैद्यांनी हीच बोली उचलून माणसाच्या अंगाला लावली. मांडीची जी बाजू दुसऱ्या मांडीकडे वळलेली, घरात असलेली, ती इन्सी. जी जगाकडे, उन्हावाऱ्याकडे, ती वहशी. एवढा सुबक शब्द मला दुसऱ्या कोणत्या भाषेत आढळला नाही. अर्थात मला भाषा तरी किती येतात, हा प्रश्न वेगळा.

बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने 'कानून'चे लॅटिन भाषांतर केले. इन्सी-वहशीला तो अडला असावा. त्याने सरळ शब्दाला शब्द ठेवला. इन्सीला 'डोमेस्टिकस', म्हणजे घरगुती, आणि वहशीला 'सिल्व्हेस्ट्रिस', म्हणजे रानातला. पुढची कैक शतके युरोपातील विद्यार्थी आपल्या पायाची एक बाजू पाळीव आणि दुसरी जंगली असे घोकत होते. त्यांनाही ते परके वाटलेच असेल. अरबांच्या धनुष्याची बाजू पॅरिसच्या मुलाने का शिकावी? पण शिकला, आणि डॉक्टर झाला.

हे शब्द नुसते घोकण्यापुरते नव्हते. त्या काळी शीर उघडून रक्त काढणे, ज्याला उर्दूत फस्द म्हणतात, हा सर्रास उपचार होता. कोपराच्या खोबणीत तीन मुख्य शिरा सांगितल्या जात. बाहेरच्या अंगाची ती किफाल, आतल्या अंगाची ती बासलीक आणि मधली ती अकहल. इब्न सीना बजावतात की बासलीक उघडताना फार जपावे, कारण तिच्याखाली धमनी आहे. वरची शीर आणि खोलवरची धमनी, आतली बाजू आणि बाहेरची बाजू. यांत गफलत झाली तर रक्त थांबता थांबत नसे. आजही रक्त तपासायला देताना परिचारिका सुई घालते ती त्याच जागेच्या आसपास, आणि धमनी आजही तेथेच खाली आहे. माझ्या आईला एकदा एका दवाखान्यात नवशिक्या मुलाने चार ठिकाणी टोचले होते. तिचा हात कोपरापासून आठ दिवस जांभळा होता. त्या दिवसापासून हा परिच्छेद मला केवळ इतिहास वाटत नाही.

किफाल आणि बासलीक ही नावे लॅटिनमध्ये गेली आणि आजही प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सिफॅलिक आणि बॅसिलिक या रूपांत शिकवली जातात. घोट्याच्या इन्सी बाजूने वर चढणारी पायाची लांब शीर, तिला 'कानून'मध्ये साफिन म्हटले आहे. आजचे तिचे नाव सॅफेनस. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करताना पुष्कळदा हीच शीर पायातून काढून हृदयाला जोडतात. आपल्यापैकी कित्येकांच्या वडीलधाऱ्यांच्या पायावर तो लांब व्रण असेल. तो व्रण इन्सी बाजूला आहे, हे आज घरी जाऊन पाहावे.

शब्दांच्या जोडीला चित्र हवेच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर इब्न इलियास यांनी फारसीत शरीररचनेवर ग्रंथ लिहिला आणि तैमूरच्या नातवाला अर्पण केला. त्यात पानभर आकाराच्या मानवाकृती आहेत. त्यातील सांगाड्याचे चित्र पाहून प्रथम काही उमजत नाही. तो पाठीकडून काढला आहे, पण मान इतकी मागे टाकली आहे की तोंड चित्राच्या सर्वांत वर येते. पुढचे कोणते, मागचे कोणते, हे एका चित्रातच उलटसुलट होते. आमच्या वर्गातल्या तक्त्याशी ते ताडून पाहिले की ठरावाची किंमत कळते. दीडशे वर्षांनी, 1543 साली, बाझेल येथे व्हेसेलियसचा ग्रंथ छापला गेला. त्यातील माणसे मात्र ताठ उभी आहेत, मागे डोंगर आणि गावे दिसतात. (इब्न नफीस यांचे नाव येथे का नाही, असे काही वाचक विचारतील. फुप्फुसातून होणाऱ्या रक्तप्रवाहाचे त्यांचे संशोधन थोर आहे, पण तो विषय वेगळा, पुढे कधीतरी.)

व्हेसेलियसच्या काळातील विद्वानांना अरबी वळणाची लॅटिन नकोशी झाली होती. त्यांनी पुष्कळ शब्द गाळले. 'घरगुती' आणि 'रानटी' हळूहळू गेले. आज तेथे मीडियल आणि लॅटरल आहेत. मीडियल म्हणजे मध्याकडचा, लॅटरल म्हणजे कडेचा. मूळ लॅटिनमध्ये मध्य आणि कूस यांचेच साधे शब्द. अरबी वैद्यकीय पुस्तकांत मात्र इन्सी आणि वहशी अजून नांदत आहेत.

गाळागाळी झाली तरी गोंधळ संपला नाही. प्रत्येक देशाचा, प्रत्येक गुरूचा शब्द वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या पुस्तकांत मिळून सुमारे पन्नास हजार नावे झाली होती. 1895 मध्ये बाझेल येथे शरीरशास्त्रज्ञांनी ती चाळून पाच हजारांच्या थोडी वर आणली. 1935 मध्ये जर्मनीतील येना येथे चार पायांच्या जनावरांनाही लागू पडतील असे दिशाशब्द घेण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. 1955 मध्ये पॅरिसला पुन्हा उभ्या माणसाचीच भाषा स्वीकारण्यात आली. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय नामावली निघाली आणि 2019 मध्ये तिची दुसरी आवृत्ती. काम अजून चालूच आहे.

येना येथील खटाटोपाचे कारण आपल्या विद्यार्थ्यांना चटकन कळेल. बेडकाचे 'अग्र' टोक म्हणजे डोके, कारण तो डोके पुढे करून जातो. माणूस उभा राहिला, त्यामुळे त्याचे 'पुढे' म्हणजे छाती-पोट आणि डोके गेले 'वर'. दोन्ही धडे एकाच पुस्तकात असले आणि गुरुजींनी हा फरक सांगितला नाही, तर मूल गोंधळणारच. त्यात मुलाचा दोष तो काय?

व्याकरणाचा एक मुद्दा सांगतो, तो माझ्या हक्काचा आहे. सुपीरियर, इन्फीरियर, अँटीरियर, पोस्टीरियर हे शब्द मुले 'वर, खाली, पुढे, मागे' असे पाठ करतात आणि चुकतात. लॅटिनमध्ये ही सारी तुलनेची रूपे आहेत. 'वर' नव्हे, 'अधिक वरचा'. अरबीतील आला आणि अस्फल हीदेखील तशीच. मराठीत आपण यासाठी 'पेक्षा' लावतो. म्हणून मी वर्गात एक नियम केला. दिशेचा शब्द उच्चारला की लगेच विचारायचे, "कोणापेक्षा?" कोपर खांद्यापेक्षा धडापासून दूर, पण मनगटापेक्षा जवळ. नाक कानापेक्षा मध्याजवळ. उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली, कारण वर यकृत बसले आहे. हा 'पेक्षा' एकदा कानात बसला की निम्मे पाठांतर गळून पडते.

आपल्या देशात या भाषेचे काय झाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत शव वाहत्या पाण्यात ठेवून, कुजल्यावर थर थर घासून आतील अवयव पाहण्याची रीत दिली आहे. म्हणजे ही विद्या येथे परकी नव्हती. इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या एका वैद्यकीय संस्थेत 1822 पासून उर्दूतून शिक्षण सुरू झाले. तिचे प्रमुख पीटर ब्रेटन यांनी 1825 मध्ये शरीराच्या अवयवांच्या नावांचा कोश काढला. इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी आणि संस्कृत शब्द त्यात शेजारी शेजारी मांडले. दहा वर्षांनी ती संस्था बंद झाली आणि नवे इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय आले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मधले. पुढे हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तेथील मुलांनाही ते दार उघडे होते. डॉक्टरकीचे शब्द आपल्या घरातले नव्हेत, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे एवढे ध्यानात घ्यावे. ते शब्द आपल्या दारावरून दोनतीनदा गेले आहेत. आपण घरात नव्हतो, ही गोष्ट निराळी.

असो. शिक्षक रजेवरून परतण्याआधीच्या शेवटच्या तासाला मी सगळ्या वर्गाला उभे केले. पाय जुळवून, तळहात पुढे. मी शब्द उच्चारायचा आणि त्यांनी दुसऱ्या हाताने ती जागा दाखवायची. इन्सी, वहशी, मीडियल, लॅटरल, आतली, बाहेरची. तिन्ही भाषांची सरमिसळ चालली होती. शेजारच्या वर्गातून निरोप आला की आवाज कमी करा. तेवढ्यात तीच मुलगी खाली पायांकडे बघत थांबली.

"सर, हाताचा अंगठा वहशी बाजूला आहे. पण पायाचा अंगठा इन्सी बाजूला. असे उलटे कसे?"

याही वेळी मला उत्तर येत नव्हते, पण आता मी वेळ मारून नेली नाही. येत नाही असे सांगितले. दोन दिवसांनी विज्ञानाच्या शिक्षकांनी ते फळ्यावर काढून दाखवले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. आईच्या पोटात गर्भाला हातापायांचे कोंब फुटतात तेव्हा हाताचा आणि पायाचा, दोन्ही अंगठे डोक्याच्या बाजूला असतात. मग वाढताना हात बाहेरच्या अंगाला वळतो आणि पाय आतल्या अंगाला. म्हणून गुडघा पुढे वाकतो नि कोपर मागे टोकदार राहते, आणि म्हणून एक अंगठा रानाकडे गेला, एक घराकडे.

मुलीने ते वहीत उतरवून घेतले, आकृतीसह. तिच्या वडिलांनी अकरावीचा फॉर्म अजून भरलेला नाही. स्मरणिकेचा हा अंक मी त्यांच्या दुकानात नेऊन देणार आहे.